मालमोटारीचे जादा दिवे : विजेच्या बिघाडांचा शोध व उपाय

ऊंसतोडीचा हंगाम सुरू झाला म्हणजे रात्रीं शेतांत माल भरणें, चिखलाच्या पाणंदींतून गाडी बाहेर काढणें आणि पहाटेपूर्वीं कारखान्याच्या किंवा बाजारसमितीच्या आवारांत जाऊन रांग धरणें, हा क्रम आपल्याकडील बागाईतदारांच्या चांगलाच अंगवळणीं पडलेला आहे. कांदा, द्राक्षें व भाजीपाला यांची वाहतूकही उन्ह टाळण्यासाठीं रात्रींच करणें सोयीचें असतें. अशा कामीं गाडीबरोबर आलेले दिवे अपुरे पडतात. म्हणून मालमोटार घेतलेला शेतकरी, मग ती लहान पिकअप असो कीं दहा चाकांचा ट्रक असो, पहिल्या वर्षींच तिला कांहीं जादा दिवे लावून घेतो. दिवा बसविण्याचें काम दिसावयास सोपें. दोन तारा जोडल्या कीं उजेड पडतो. पण तोच दिवा चार महिन्यांनीं मंद होतो, खड्ड्यांत गाडी आदळली कीं मिचकावूं लागतो, किंवा ऐन भरणीच्या वेळीं फ्यूज उडून सगळी माणसें अंधारांत उभीं राहतात. मग कारागीर येतो, अंदाजानें एखादा भाग बदलतो, पैसे घेतो, आणि आठवड्यानें तोच प्रकार पुन्हां होतो.

आमच्या मतें ह्या सर्व खर्चाचें व मनस्तापाचें मूळ एकच आहे. वीज डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तिच्याविषयीं अंदाज करण्याची आपणांस संवय लागलेली आहे. वास्तविक पाण्याच्या पाटाइतकाच विजेचा मार्गही पायरीपायरीनें तपासतां येतो, व साध्या मीटरनें बिघाडाची जागा हातभर अंतराच्या आंत ठरवितां येते. तें कसें करावें हें ह्या लेखांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

हा विषय केवळ सोयीचा नाहीं. हौद्याबाहेर दोन-तीन हात ऊंस लोंबत असतां मागचा लाल दिवा विझला, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास तो ढीग दिसेपर्यंत थांबण्यापुरतें अंतर उरत नाहीं. उलट पक्षीं, कापूस किंवा कडबा भरलेल्या हौद्याखालून नेलेली तार तापून तिचें वेष्टण वितळलें, तर माल, गाडी व प्रसंगीं आंतील माणूस यांची काय गत होईल हें सांगावयास नको. पहिल्या प्रकारांत वीज पोंचत नाहीं व दुसऱ्यांत ती नको तेथें पोंचते, एवढाच काय तो फरक.

आरंभींच एका निर्बंधाचा उल्लेख केला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांप्रमाणें गाडीच्या पुढील बाजूस स्पॉटलाईट अथवा सर्चलाईट नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीवांचून लावतां येत नाहीं. टपावर झगझगीत दिव्यांची रांग लावून समोरच्याचे डोळे दिपविणें हा हल्लीं एक शौक होऊन बसला आहे. त्या शौकासाठीं हा लेख नाहीं. आमच्या डोळ्यांपुढें आहेत ते हौद्यांत व गाडीमागें उजेड पाडणारे कामाचे दिवे, आणि बाजूचे व मागचे खुणेचे दिवे. कामाचे दिवेही रस्त्याला लागण्यापूर्वीं न विसरतां बंद करावे. मागून येणाराला ते समोरून आलेल्या प्रखर झोताइतकेच आंधळें करतात.

परतीची वाट.—विहिरीवरील टांकीतून पाटानें पाणी नेण्याची उपमा येथें उपयोगी पडते. टांकी जितकी उंच तितका पाण्याला जोर. विजेच्या बाबतींत ह्या जोरास दाब म्हणतात व तो व्होल्टमध्यें मोजतात. दर क्षणास किती वीज वाहते तो प्रवाह; तो अँपिअरमध्यें मोजतात. पाट अरुंद असला अथवा गवतानें भरलेला असला, तर टांकी भरलेली असूनही शेवटच्या वाफ्यास पाणी पुरत नाहीं. तारेचेंही तसेंच आहे. मात्र एका गोष्टींत ही उपमा लंगडी पडते, आणि नेमकी तीच गोष्ट पुष्कळ जण विसरतात. वाफ्यांत गेलेलें पाणी परत टांकींत यावें लागत नाहीं. वीज मात्र बॅटरीच्या धन टोंकाकडून निघून, दिव्यांतून जाऊन, ऋण टोंकाकडे परत आलीच पाहिजे. ती परत येऊं शकली नाहीं तर मुळांत निघतच नाहीं. मोटारींत ही परतीची वाट बहुधा तारेची नसून गाडीच्या लोखंडी सांगाड्याची, म्हणजे चासीची, असते. तिलाच कारागीर अर्थ म्हणतात. रंगाचा थर, गंज, चिखल व ढिला बोल्ट यांनीं ही वाट अडते, आणि माणूस मात्र धन बाजूच्या तारा चिवडीत बसतो.

ह्यावरून बिघाड तीनच प्रकारचे संभवतात. वाट कोठें तरी तुटली असेल, तर दिवा लागणारच नाहीं. वाट मध्येंच फुटून वीज दिव्यांत न जातां आडमार्गानें चासींत शिरत असेल, तर फ्यूज उडेल किंवा तार जळेल. वाट अरुंद झाली असेल, तर दिवा लागेल पण मंद लागेल, व अडलेल्या जागीं उष्णता होईल. बिघाडाचें बाह्य रूप कांहींही असो, तो ह्या तिहींपैकीं कोणता हें आधीं ठरवावें व मगच पाना हातीं घ्यावा.

तारेची जाडी.—पुष्कळ बिघाड दिवा बसवितांनाच पेरले जातात, आणि त्यांत बारीक तारेचा दोष आम्हांस सर्वांत अधिक दिसतो. हिशेब अगदीं सोपा आहे. दिव्याचे वॉट भागिले गाडीचे व्होल्ट, म्हणजे अँपिअर निघतात. १२ व्होल्टच्या पिकअपच्या मागें ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे लावले, तर ११० भागिले १२, म्हणजे सुमारें ९ अँपिअर प्रवाह झाला. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेस दर मीटरला सुमारें ०.०१७ ओहम इतका विरोध असतो. बॅटरीपासून मागच्या फाळक्यापर्यंत तारेची लांबी ६ मीटर धरूं. घरांत पडून असलेली पाऊण चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर जातांना सव्वा व्होल्ट व तसलीच तार परतीस वापरल्यास येतांना सव्वा व्होल्ट, असा अडीच व्होल्ट दाब वाटेंतच खर्च होतो. इंजिन चालूं असतां बॅटरीवर १४ व्होल्ट असले तरी दिव्यास साडेअकराच मिळाले.

अडीच व्होल्ट म्हणजे कांहीं फार नव्हे, असें वाचकांस वाटेल. पण हॅलोजन दिव्याचा प्रकाश दाबाच्या मानानें फार झपाट्यानें उतरतो. दाब दहा टक्के कमी झाला तर प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनीं घटतो. वरील उदाहरणांत प्रकाश सुमारें निम्म्यावर येतो, आणि हरवलेली वीस-बावीस वॉट शक्ति तारेला तापविण्यांत जाते. पैसे दोन दिव्यांचे मोजले व उजेड एकाचा मिळाला. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर एका बाजूची तूट पाव व्होल्टाहून थोडी अधिक, म्हणजे ०.३८ व्होल्ट, भरते. चार चौरस मिलिमीटरची घेतली तर पाव व्होल्टच. तारेंत केलेली काटकसर ही अशा रीतीनें दिव्याच्या किंमतींत वसूल होते. २४ व्होल्टच्या ट्रकांत त्याच वॉटला प्रवाह निम्मा लागतो, म्हणून तूटही निम्मी होते. तेथें दीड चौरस मिलिमीटरची तार चालूं शकेल, तरी धक्के व ताण सोसण्याच्या दृष्टीनें आम्ही अडीचचीच शिफारस करतों.

तार अनेक बारीक तंतूंची असावी. घरगुती वायरिंगची एकतंतु जाड तार गाडीच्या कंपनानें वांकून वांकून मोडते, आणि मोडते तीही वेष्टणाच्या आंत, म्हणजे बाहेरून कांहीं दिसत नाहीं.

फ्यूज व रिले.—फ्यूज हा दिव्याचा रक्षक नसून तारेचा रक्षक आहे, हें ध्यानांत धरल्यास तो कोठें व किती अँपिअरचा बसवावा हा प्रश्न आपोआप सुटतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तारेस कोणीच वाली नसतो. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंत असावा. कित्येक गाड्यांत तो केबिनमध्यें बटणाजवळ लावलेला आढळतो. तेथें तो असून नसल्यासारखाच होय. वरील ९ अँपिअरच्या उदाहरणास अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेबरोबर १५ अँपिअरचा, म्हणजे निळ्या रंगाचा, पात्याचा फ्यूज योग्य होईल. लाल रंगाचा १० अँपिअरचा, पिवळा २० चा व हिरवा ३० चा असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागीं सिगारेटच्या पाकिटांतील चांदीचा कागद किंवा तांब्याचे पांच-सहा तंतू गुंडाळून गाडी पुढें काढणारे चालक आहेत, व त्यांस हुशार म्हणणारे मालकही आहेत. फ्यूज उडाला म्हणजे तार वांचली. त्याच्या जागीं तांबें घातलें म्हणजे पुढची पाळी तारेची, आणि तारेनंतर हौद्यांतील मालाची. गाडींत योग्य आकाराचे चार जादा फ्यूज नेहमीं ठेवावे.

समोरच्या फळीवरील लहान बटणांतून ९-१० अँपिअरचा प्रवाह सतत नेला, तर त्याचे संपर्क काळे पडतात व शेवटीं बटण वितळतें. म्हणून मध्यें रिले घालतात. पाटाचें जड दार उघडण्यास जसा गडी ठेवावा आणि मालकानें बांधावरून नुसती हांक मारावी, तसें रिलेचें काम आहे. बटणांतून जाणारा प्रवाह अँपिअरच्या पांचव्या-सहाव्या हिश्शाइतका. तो रिलेच्या वेटोळ्यास जागें करतो व रिले जाड तारेची वाट उघडतो. रिलेच्या पायांवर क्रमांक छापलेले असतात. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी जाड तार, ८७ वरून दिव्याकडे जाणारी जाड तार, आणि ८५ व ८६ ह्या दोहोंमध्यें वेटोळें. त्यांपैकीं ८६ ला बटणाकडील बारीक तार व ८५ ला अर्थ, अशी रीत आहे. पांचवा, ८७ ए क्रमांकाचा, पाय असल्यास तो मोकळा सोडावा; बटण बंद केलें कीं दिवा लागतो व चालूं केलें कीं विझतो, असा विचित्र अनुभव आला तर दिव्याची तार ह्याच पायावर गेली आहे असें समजावें. रिले गाडीच्या व्होल्टचा आहे ना, हें त्यावरील अक्षरें वाचून पाहावें. २४ व्होल्टचा रिले पिकअपमध्यें ओढतच नाहीं, व १२ व्होल्टचा ट्रकमध्यें थोड्याच काळांत जळतो.

काम सुरू करतांना बॅटरीचें ऋण टोंक आधीं सोडावें व शेवटीं जोडावें. ह्याचें कारण असें कीं धन टोंकाचा बोल्ट फिरवितांना पाना चासीला टेकला, तरी परतीची वाटच तुटलेली असल्यामुळें ठिणगी पडत नाहीं. बॅटरी भरत असतां तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें भडकतो. हातांतील अंगठी व कडें काढून ठेवावें. दिव्याची पट्टी झाळावयाची असल्यास बॅटरी पूर्ण सोडून ठेवावी. नव्या गाड्यांत वेल्डिंगच्या प्रवाहानें इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक निकामी होण्याचें भय असतें, त्यामुळें अशा गाडीस झाळण्याऐवजीं भोंक पाडून बोल्टानें पट्टी बसविणें आम्हांस अधिक बरें वाटतें.

शोधाची रीत.—साधनें दोनच लागतात. एक डिजिटल मल्टिमीटर, आणि दुसरा तपासदिवा, म्हणजे होल्डरांत बसविलेला गाडीचाच एक लहान बल्ब व त्याच्या दोन लांब तारा. मीटर दाब अचूक सांगतो, पण एका ठिकाणीं तो फसवितो, आणि हें मर्म कळलेलें नसल्यामुळें चांगले चांगले लोक दिवसभर चकतात. तारेचे सर्व तंतू सडून एकच उरला, तरी दिवा बंद असतां किंवा सुटा केला असतां मीटर तिच्या टोंकाशीं पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो. कारण मीटरला प्रवाह जवळजवळ लागतच नाहीं. पाटाच्या शेवटीं दार बंद असलें म्हणजे अरुंद पाटांतही पाणी हळूहळू काठोकाठ भरतें, तसाच हा प्रकार. दार उघडल्यावर धार किती टिकते हें पाहिलें पाहिजे. म्हणून दाब मोजावयाचा तो दिवा जोडलेला व चालूं ठेवूनच मोजावा. अथवा तपासदिवा लावून तो प्रखर लागतो कीं नाहीं तें पाहावें.

दिवा मुळींच लागत नसेल तर आरंभ बॅटरीपासून करावा. इंजिन बंद करून कांहीं तास झाल्यावर भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती निम्मी उरली, आणि १२ च्या खालीं गेली तर ती रिकामी होत आली असें समजावें. इंजिन चालूं असतां १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आंकडा आला पाहिजे. न आल्यास दोष अल्टरनेटरकडे आहे व दिव्यांशीं झुंजण्यांत अर्थ नाहीं. बॅटरी ठीक असल्यास मग टोंकापासून टोंकापर्यंत न जातां एकदम मध्यावर, म्हणजे रिलेशीं जावें. बटण दाबून रिले टक् असा आवाज करतो काय तें ऐकावें. आवाज आला तर बटण, बारीक तार व वेटोळें हीं ठीक आहेत. मग ३० वर व ८७ वर दाब पाहावा. ३० वर दाब नाहीं, तर दोष फ्यूजकडे. ३० वर आहे पण ८७ वर नाहीं, तर रिलेचे संपर्क जळाले. दोहोंवर आहे, तर दोष रिलेपलीकडे, दिव्यांत किंवा त्याच्या अर्थमध्यें. आवाजच आला नाहीं तर ८६ वर वीज येते काय व ८५ ची अर्थ धरते काय हें पाहावें. रिले टक्-टक्-टक् असा सारखा वाजूं लागला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा ८५ ची अर्थ ढिली आहे. अशा रीतीनें प्रत्येक तपासणींत निम्मी गाडी निर्दोष ठरते, व चार-पांच तपासण्यांत दोष हातीं येतो.

दिवा मंद असल्यास मीटरची रीत थोडी निराळी आहे, व ती शिकून घेण्यासारखी आहे. इंजिन व दिवा दोन्ही चालूं ठेवून मीटरचें एक टोंक बॅटरीच्या धन टोंकावर व दुसरें दिव्याच्या धन तारेवर लावावें. त्यासाठीं एक लांब तार जोडून घ्यावी लागेल. मीटर जो आंकडा दाखवील तो त्या बाजूस वाटेंत हरवलेला दाब होय. मग एक टोंक दिव्याच्या अर्थ तारेवर व दुसरें बॅटरीच्या ऋण टोंकावर लावून परतीची तूट मोजावी. प्रत्येक बाजूस अर्ध्या व्होल्टाहून कमी तूट असली तर काम चांगलें झालें म्हणावें. धन बाजूस अधिक असेल तर फ्यूजच्या होल्डरचें पुढचें टोंक, रिले, जोड अशा क्रमानें मीटरचें टोंक सरकवीत जावें. जेथें आंकडा एकदम उडी घेतो तेथेंच अडथळा आहे. हाताच्या स्पर्शासही अशी जागा पुष्कळदां कोमट लागते.

परतीच्या बाजूस तूट अधिक आढळली, आणि ती फार वेळां तेथेंच आढळते, तर उपाय खर्चाचा नाहीं. अर्थच्या बोल्टाखालील रंग व गंज सँडपेपरनें घासून लोखंड चकचकीत करावें, तारेला थिंबल दाबून बसवावें, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा व वरून ग्रीस माखावें. लांकडी हौद्यावर किंवा रंगविलेल्या पट्टीवर दिवा बसविला असेल तर तेथून चासीपर्यंत निराळी अर्थतार न्यावी. पट्टीच्या भरंवशावर राहूं नये. ट्रॅक्टरला जोडलेल्या ऊंसाच्या ट्रॉलीची गोष्ट तर याहून वाईट. तेथें परतीची वाट बहुधा हूक व पिन यांवरून जाते, आणि पिनीला आपणच ग्रीस लावतों! उभ्या गाडींत दिवा लागतो व रस्त्याला लागल्यावर प्रत्येक झोल्याबरोबर विझतो, तो यामुळेंच. दोन ट्रॉल्या एकामागें एक जोडणाऱ्यांनीं तर धन तारेबरोबर पुरत्या जाडीची अर्थतारही मागपर्यंत नेलीच पाहिजे.

अर्थ बिघडल्याचें आणखी एक लक्षण सांगून ठेवतों. उजवा इंडिकेटर लावला असतां मागचा लाल दिवा त्याच्या तालावर उघडझाप करूं लागला, किंवा ब्रेक दाबतांच भलताच दिवा अंधुक पेटला, तर कारागीर सगळी वायरिंग बदलावयास सांगण्याचा संभव असतो. तसें करूं नये. एका दिव्याची परतीची वाट बंद झाली म्हणजे त्याची वीज शेजारच्या दिव्यांतून उलटी शिरून परत जाऊं पाहते. मागच्या दिव्यांच्या समाईक अर्थचा एक बोल्ट साफ केला कीं हा चमत्कार बहुधा नाहींसा होतो.

फ्यूज वारंवार उडत असेल तर नवे नवे फ्यूज घालून पाहण्यांत पैसा व्यर्थ जातो. उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन खांचांत तपासदिव्याच्या दोन तारा लावाव्या. ह्या कामीं बल्ब २१ वॉटचा असावा. जादा दिवे त्यांच्या कपलरपासून सुटे करून बटण चालूं करावें. कोठें आडवाट नसेल तर बल्ब विझलेला राहील. आडवाट असेल तर तो पूर्ण तेजानें लागेल, आणि बल्बमुळें प्रवाह मर्यादित राहत असल्यानें तार जळणार नाहीं. मग बल्ब पाहत पाहत तार एकेका जागीं हलवावी, एकेक जोड सोडावा. ज्या क्षणीं बल्ब विझतो त्या क्षणीं दोष हातांत आहे. बल्ब आरंभापासून विझलेलाच असेल तर दिवे एकेक करून जोडावे. ज्यानें तो पूर्ण तेजानें लागतो तो दिवा आंतून खराब आहे. शोधावयाच्या जागा ठराविक आहेत: पत्र्याच्या भोंकांतून रबरी कडें न घालतां नेलेली तार, सायलेन्सरजवळून गेलेली तार, फाळक्याच्या बिजागरींत चेंगरलेली तार, आणि उंदरांनीं कुरतडलेली तार. गोदामाशेजारीं किंवा ऊंसाच्या फडाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा शेवटला प्रकार फार. तपासतांना तारेच्या वेष्टणास सुई टोंचण्याची संवय मात्र सोडावी. त्या भोंकांतून पाणी शिरतें, तांबें हिरवें पडतें, व पुढच्या पावसाळ्यांत तीच जागा तुटते.

एल. ई. डी. व नव्या गाड्या.—एल. ई. डी. दिवे थोड्या विजेंत पुष्कळ प्रकाश देतात. १८ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर अवघे ३ अँपिअर घेतात. त्यांचा प्रसार झाला हें चांगलेंच झालें. परंतु चांगल्या प्रतीच्या दिव्यांत दाब सांभाळणारें मंडल असल्यामुळें दाब उतरला तरी प्रकाश उतरत नाहीं. तो दिवा कमी दाबावर उलट अधिक प्रवाह ओढतो. अर्थात् वाट अरुंद होत चालल्याची जी सूचना हॅलोजन दिवा मंद होऊन देत असे, ती येथें मिळत नाहीं, आणि एके दिवशीं दिवा एकाएकीं लुकलुकूं लागतो. म्हणून एल. ई. डी. लावणाऱ्यांनीं वर्षांतून एकदां तरी वरील तुटीचें माप घ्यावें. बटण बंद असूनही एल. ई. डी. अंधुक मिणमिणत असेल, तर बटणांतील खुणेच्या दिव्यातून झिरपणारा अल्प प्रवाह त्यास पुरतो, असें समजावें; रिले घातल्यास हा दोष जातो.

नव्या गाड्यांपैकीं कित्येकांत हेडलाईट व मागचे दिवे एका इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडून चालतात. तो दिव्यांचा प्रवाह मोजीत असतो. मूळ तार सोलून तिला जादा दिवा जोडला, तर तो फळीवर दोषाची खूण लावतो किंवा ती वाटच बंद करतो. तपासदिव्यासारखें जड साधनही त्या नाजूक तारांस लावूं नये. अशा गाडींत जादा दिव्यांची वाट बॅटरीपासून संपूर्ण निराळी न्यावी, व कंपनीनें जादा जोडणीसाठीं राखून ठेवलेली तार आहे काय हें गाडीबरोबरच्या पुस्तकांत पाहावें.

मोठ्या ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागें एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. १२ व्होल्टचे दिवे मुबलक मिळतात म्हणून दोन बॅटऱ्यांमधल्या जोडावरून तार काढून ते लावण्याची युक्ति सर्रास चालते. बैलजोडीपैकीं एकाच बैलावर ओझें लादून दाण्याची पाटी मात्र दोघांपुढें सारखी ठेवावी, तसा हा प्रकार आहे. दिवे एकाच बॅटरीला रिकामी करतात. अल्टरनेटर दोहोंस मिळून २८ व्होल्टच्या आसपास देतो. त्यांत भरलेली बॅटरी वांट्याहून अधिक दाब घेऊन आपलें पाणी उकळविते, व रिकामी अर्धपोटींच राहते. थोड्याच महिन्यांत दोन्ही जातात आणि दोष बॅटरी विकणाऱ्यास दिला जातो. २४ व्होल्टचेच दिवे घ्यावे, किंवा २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवावा.

राहतां राहिली सकाळीं बॅटरी उतरलेली सांपडण्याची तक्रार. रात्रभर कोठें तरी वीज झिरपत आहे हें उघड. किती तें मोजतां येतें. गाडी बंद करून, दारें मिटून, अर्धा तास जाऊं द्यावा. मग ऋण टोंक सोडून तें व बॅटरी यांच्या मध्यें मीटर १० अँपिअरच्या मापावर लावावा. मीटर असा जोडलेला असतां गाडी सुरू करूं नये, आणि माप संपल्यावर त्याची तार पुन्हां व्होल्टच्या भोंकांत घालण्यास विसरूं नये, नाहीं तर पुढच्या वेळीं दाब मोजतांना मीटरच जळेल. ०.०५ अँपिअरपर्यंतचा प्रवाह घड्याळ वगैरेंसाठीं चालावयाचाच. अर्धा अँपिअर आढळला तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत निम्मी होईल. जादा दिव्याचा फ्यूज काढतांच आंकडा खालीं आला, तर बटणाची तार किल्लीनंतरच्या वाटेवरून न घेतां थेट बॅटरीवरून घेतली गेली आहे व बटण चालूंच राहतें, किंवा रिलेचे संपर्क जळून चिकटले आहेत. रिलेवर पान्याच्या मुठीनें हलकेंच टिचकी मारली आणि आंकडा उतरला, तर तो रिले तत्काळ बदलावा. आपण घातलेले सर्व फ्यूज काढूनही आंकडा तसाच राहिला, तर गळती आपल्या दिव्यांत नाहीं. गाडीचे मूळचे फ्यूज एकेक काढून कोणत्या वाटेवर ती आहे तेवढें टिपून घ्यावें, आणि तो कागद घेऊनच कारखान्यांत जावें.